‘परवा नाही’चा तंजावरी अर्थ

नर्सला लोक दोनच प्रश्न विचारतात. रक्त बघून मळमळत नाही का, आणि मुडद्याची भीती वाटत नाही का. माझी सगळी नोकरी सरली, पण मला एकानंही विचारलं नाही की, बाई, तू चादर कशी घालतेस? आणि माझी निम्मी विद्या तर चादरीतच होती.

हसू नका. धडधाकट माणूस झोपेत हवी तेवढी कूस बदलतो, त्याला चादरीची चुणी कळतही नाही. पण ज्याला हलता येत नाही त्याच्या कमरेखाली एक चुणी राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिथे तांबडी रेघ उमटते, पुढे कातडं सोलतं आणि मग जखम होते. तिला आम्ही बेडसोर म्हणतो. ज्या वॉर्डात बेडसोर, त्या वॉर्डातली नर्स आळशी, असं आम्हाला शिकताना पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. म्हणून दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, पाठ स्पिरिटनं चोळायची, पावडर लावायची, आणि चादर अशी ताणून खोचायची की वरून बोट फिरवलं तर कुठे अडू नये. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन बघून जातो. रोगी उरलेला सगळा वेळ त्या चादरीवर असतो.

हे मी करत होते ते कुंभकोणमला, पन्नासच्या दशकात, एका लहानशा इस्पितळात. त्याचं नाव लिहीत नाही. ते आता उरलेलं नाही, आणि मी जी चूक सांगणार आहे ती त्याची नव्हती, माझी होती.

कुंभकोणमला मराठी बाई कुठून आली, असं वाटेल. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकुनीला आले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमच्या मराठीला महाराष्ट्रातले लोक हसतात. पुण्याहून आलेला एक पाहुणा माझ्या आत्याला म्हणाला, “तुम्ही अगदी बखरीतलं बोलता हो!” आत्या म्हणाली, “मग आतां जेवितोस कीं बखर वाचितोस?” पाहुणा मुकाट्यानं जेवला. तेव्हा हा लेख संपादकांनी थोडा सुधारून छापला असेल तर माझी तक्रार नाही.

याच आत्यानं मी नर्सिंगला गेले म्हणून वर्षभर मला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. कुणाकुणाचं काय काय धुतेस, म्हणायची. मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून उताणी पडली, हलायची बंदी, आणि माझ्याखेरीज कुणाच्या हातचं पाणी घेईना. तेव्हा विटाळ कुठे गेला कोण जाणे! मीही काही बोलले नाही. पण तिची पाठ चोळताना जरा जास्तच जोर लावला असेन.

रोग्याला आराम कशानं पडतो, हे पुस्तकात थोडं आहे आणि बरंचसं नाही. साक्कोट्टैचा एक पानमळेवाला होता. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, टाके उत्तम, ताप नाही, पण तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. झोपेचं औषध झालं, ताक झालं, डोक्याला तेल झालं. शेवटी मी त्याच्यावर खेकसले, “अहो, मग होतंय तरी काय?” तेव्हा तो कसंनुसं म्हणाला, “सिस्टरम्मा, डोकं उत्तरेला आहे. असं आमच्यात प्रेताला निजवतात.” मी आणि वॉर्डातल्या आयानं मिळून खाट फिरवली. दुपारच्या जेवणाचं ताट यायच्या आत हा गडी घोरायला लागला. सुंठीवाचून खोकला गेला तो असा.

असल्या दोनचार गोष्टी साधल्या आणि मला गर्व चढला. रोग्याच्या मनातलं मला न सांगता कळतं, असं मी मानू लागले. डॉक्टरही चारचौघांत तसं म्हणायचे. अशा वेळी द्वारकाबाई आमच्या वॉर्डात आल्या.

दिवाळी होऊन गेली होती. साताऱ्याकडची काही मंडळी रामेश्वरला निघालेली, वाटेत कुंभकोणमला उतरली. महामहम कुंडाच्या ओल्या पायऱ्यांवरून द्वारकाबाई घसरल्या आणि डाव्या गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. पन्नाशीच्या विधवा बाई, तमिळचा एक शब्द येत नाही. सोबतची मंडळी दोन दिवस थांबली आणि पुढे गेली. परतताना पुन्हा डोकावून गेली, पण प्लास्टर निघायला तेव्हा अजून दोन महिने होते. तितकं थांबणार कोण?

“सिस्टर, तुमच्या गावचं माणूस आलंय,” असं डॉक्टरांनी मला हाक मारून सांगितलं. माझं गाव कुंभकोणम, पण ते राहू द्या. मी खाटेजवळ जाऊन विचारलं, “कोण गांवचे तुम्ही?” त्या बाईनं माझा हात जो धरला तो सोडीचना. “अगं बाई! इथे मराठी!” म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “तुमचं बोलणं जरा निराळं आहे हो. पण कळतं सगळं.”

मलाही तिचं सगळं कळत होतं. निदान तसं वाटत होतं.

हाडं बसवून डॉक्टरांनी मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. तेव्हा प्लास्टरचे पट्टे आम्हीच तयार करायचो. जाळीच्या कापडावर पांढरी पूड हातानं घासून गुंडाळ्या करून ठेवायच्या, लागतील तशा कोमट पाण्यात बुडवून द्यायच्या. वाळल्यावर दगडासारखं घट्ट होतं. बाहेर दिसतात ती फक्त पाची बोटं. ती गुलाबी आहेत का, ऊन आहेत का, हलतात का, एवढं बघून आत सगळं ठीक आहे असं धरायचं.

प्लास्टर वाळत होतं तेव्हा द्वारकाबाईंनी माझ्यामार्फत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. सगळे विचारतात, चालता येईल का. यांनी विचारलं, “चुलीपुढून उठता येईल का?”

डॉक्टरांना कळेना. मग द्वारकाबाईंनी मला समजावलं. साताऱ्यात दोन घरी त्या स्वयंपाकाला होत्या. तिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून. एका घरी सोळा माणसं. “बसून रांधायला काय, कुणीही रांधेल. पण सोळा माणसांच्या भाताचं पातेलं उतरवून, ते हातात घेऊन एका दमात उठावं लागतं बघा. तिथे पाय लटपटला तर दुसऱ्या दिवशी दुसरी सैपाकीण.” डॉक्टर म्हणाले, “उठाल, नक्की उठाल.” मी ते भाषांतर करून सांगितलं आणि माझ्या पदरचं थोडं जास्तच सांगितलं.

चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “बाई, टाच जळतेय.” मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बोटं बघितली, छान होती. नवं प्लास्टर आहे, उद्या बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “द्वारकाबाई, टाच कशी आहे?”

“परवा नाही,” त्या हसून म्हणाल्या.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. तमिळमध्ये एक शब्द आहे, परवायिल्लै. आजाऱ्याला विचारलं, कसं आहे, आणि तो परवायिल्लै म्हणाला, की समजावं, उतार आहे, कालच्यापेक्षा बरं आहे. तिकडे राहून आमच्या मराठीतल्या ‘परवा नाही’लाही तोच अर्थ चिकटला. ताप कसा आहे? परवा नाही, म्हणजे उतरला. सांबार कसं झालंय? परवा नाही, म्हणजे चांगलं झालंय. मी लहानपणापासून हेच ऐकलेलं. त्यामुळे मी आनंदानं रिपोर्टबुकात लिहिलं की दुखणं कमी, रोगी कम्फर्टेबल. हा इंग्रजी शब्द आम्ही सगळ्या नर्सा येता-जाता लिहायचो. दुसरी पाळी येऊन तो वाचते आणि निर्धास्त होते.

रोज मी विचारी, रोज त्या परवा नाही म्हणत, रोज मी कम्फर्टेबल लिही. असे पाच दिवस गेले.

आमच्या वॉर्डात अंजलै नावाची आया होती. चोळपुरम्‌ची, पन्नाशी उलटलेली, तोंडात कायम पान. लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मराठी तर तिला चिमण्यांचा कलकलाट वाटे. ती सकाळी झाडता झाडता थांबली आणि मला म्हणाली, “सिस्टरम्मा, ती अम्मा खोटं बोलते.”

“तुला काय कळतं ती काय बोलते ते?”

“नाही कळत. म्हणून तर मी हाताकडे बघते. तुम्हाला कळतं, तुम्ही तोंडाकडे बघता. तुम्ही पाठ फिरवलीत की ती गादी मुठीत आवळून धरायची. आणि काल-परवापासून तेही बंद आहे. आज मुंग्या बघा, वॉर्डातल्या साऱ्या खाटा सोडून त्याच खाटेवर चढताहेत.”

मी वाकले, प्लास्टरला टाचेपाशी नाक लावलं, आणि सडका वास आला. तो वास एकदा ओळखला की नर्स जन्मात विसरत नाही. प्लास्टर आत कुठे टोचलं तर आधी आग होते. तिकडे लक्ष दिलं नाही तर कातडं मरतं, आणि मेलेलं कातडं दुखत नाही. दुखणं आपोआप थांबलं की घाबरायचं, हे मी शिकलेली होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

डॉक्टरांनी टाचेवरचं प्लास्टर चौकोनी कापून काढलं. त्याला खिडकी पाडणं म्हणतात. आत बंद्या रुपयाएवढा काळा डाग होता, कडेनं पू. डॉक्टरांनी रिपोर्टबुक मागवलं. “हे कम्फर्टेबल कोणी लिहिलं?”

“मी.”

“तिला विचारलं होतं?”

“रोज.” आणि ती काय म्हणायची ते मी सांगितलं. डॉक्टर तमिळ. तेही म्हणाले, “मग बरोबरच आहे की, परवायिल्लै म्हणाली.”

मी द्वारकाबाईंकडे वळले. रागच आला होता मला, खोटं कशाला सांगू! “अहो, मग मला रोज परवा नाही, परवा नाही काय सांगत होता?”

त्या गोंधळल्या. “हो, मग? जळत होतं, जळू दे, परवा नाही म्हटलं. एकदा तुमच्या कानावर घातलं होतं. सारखं सारखं काय गाऱ्हाणं घालायचं? वीस वर्षं लोकांच्या घरात काढली बाई. परक्या घरी मागितलं की माणूस जड होतं.”

साताऱ्याच्या ‘परवा नाही’चा अर्थ मला तेव्हा कळला. त्यांना इस्पितळ म्हणजेही परकं घरच वाटत होतं, आणि मी त्या घरची मालकीण. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण ज्याला कळतं त्यानं बोलायला तर हवं! आणि जिच्यापुढे बोलवेल अशी समोरची बाई हवी. तमिळ नर्स असती, तिला भाषा आली नसती, तर तिनं अंजलैसारखं हाताकडे बघितलं असतं. माझ्या मराठीनं घात केला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हा काळा भाग सुटून निघेपर्यंत काही सांगता येत नाही. खाली लाल मांस लागलं तर पाय वाचला. हाडापर्यंत गेलं असेल तर पाऊल कापावं लागेल. द्वारकाबाईंना यातलं काय सांगायचं ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी त्यांना सांगितलं, थोडी जखम झालीये, होतं असं कधी कधी.

मग रोज पट्टी. औषधात भिजवलेली जाळी जखमेत भरायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. काढताना ती कडेच्या जिवंत मांसाला चिकटलेली असते. सरळ ओढली तर रोग्याचा जीव जातो, आधी भिजवून सुटी केली तर निम्मं दुखतं. किती भिजवायची हे रोग्यानं सांगायचं. आणि ही बाई तोंडात पदर कोंबून पडलेली! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. “ओरडा हो,” मी म्हणायची. “इश्श, इतक्या माणसांत?” त्या म्हणायच्या.

शेवटी मी अंजलैला उशाशी बसवलं आणि तिचं बोट द्वारकाबाईंच्या मुठीत दिलं. मूठ आवळली की अंजलै तमिळमध्ये म्हणायची, “थांबा.” मी थांबायची, पाणी सोडायची. मूठ सैल झाली की अंजलै म्हणायची, “हं.” भाताच्या तुसाची एक लांबोडी पिशवीही तिनंच शिवून आणली. ती पोटरीखाली ठेवली की टाच अधांतरी राहायची, कशालाच लागायची नाही. इस्पितळाच्या रबरी रिंगेपेक्षा ती पिशवी कितीतरी सरस होती.

पट्टीचा सहावा दिवस असेल. मला अन्न गोड लागेना. मी त्यांच्या खाटेवर बसले, नर्सनं बसायचं नसतं तरी बसले, आणि सगळं सांगितलं. असं कधी कधी होत नाही, माझ्या चुकीनं झालं. मला तुमचं बोलणं कळलं नाही आणि मी डोळे वापरले नाहीत. आणि पाऊल जाऊही शकतं.

त्या दिवशी त्यांनी जेवण अंजलैच्या हातून घेतलं, पाणी अंजलैच्या हातून घेतलं, मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड. मला शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी पट्टीचं तबक घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.”

“नसतं कळलं.”

“पाऊल गेलं तर मला कोण ठेवून घेणार? भाऊ नाही, मूल नाही. एक भाचा आहे, त्याच्या बायकोला मी दोन दिवस पाहुणी म्हणून चालते.”

मी तबक स्टुलावर ठेवलं.

“करा पट्टी,” त्या म्हणाल्या. “पण आज मी ओरडणार आहे.”

आणि ओरडल्या हो! जाळीला नुसता हात लावला तर “मेले, हळू! हात आहे का उलथनं?” असं खणखणीत की सगळा वॉर्ड उठून बसला. अंजलैला शब्द कळले नाहीत, पण अर्थ बरोबर कळला, पानाची पिंक गिळून हसत सुटली. मी भिजवत होते, त्या शिव्या घालत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पट्टी नीट झाली.

त्यानंतर त्यांची जीभ जी सुटली ती सुटलीच. उशी उंच आहे. डाळीत चिंच फार घालता. तुमची ती कापी मला पहिल्या दिवसापासून कडू लागते, चहा द्या. मी घरून रोज एवढी ताज्या दुधाची कापी करून नेत होते, वाईट वाटलं. पण चहा नेला. कुरकुर करणारा रोगी मला तेव्हापासून आवडायला लागला. बाकीच्या नर्सा म्हणत, हिला काय झालंय.

अकराव्या दिवशी काळी खपली सुटून आली. खाली लालभडक मांस होतं. डॉक्टरांनी दोनदा चिमटा लावून बघितलं आणि म्हणाले, “हाड झाकलेलं आहे.” मी तसं द्वारकाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग अंजलैला, मग जरा विचार करून मला.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. टाच भरायला आणखी दोन महिने लागले. हाडं छान जुळली. पण टाचेवरचं नवं कातडं पातळ, चकचकीत, आणि घोटा आखडलेला. काठी घेऊन त्या वॉर्डभर हिंडायच्या. न्यायला भाचा यायचा होता, त्याला रजा मिळायला आठ दिवस होते, म्हणून मी त्यांना घरी आणलं. आत्याची आणि त्यांची गट्टी जमली. एकमेकींच्या मराठीला हसण्यात दोघींचा दिवस जायचा.

भाचा यायच्या आदल्या सकाळी त्या म्हणाल्या, “आज सैपाक मी करते.” आत्यानं चक्क चूल सोडली. द्वारकाबाई पाटावर बसल्या, डावा पाय पुढे लांब करून. आमटी केली, वांग्याची भाजी केली, हात असा भराभरा चालत होता की आत्या दारात बसून नुसती बघत राहिली. आम्ही तीनच माणसं, पण भात त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात लावला होता. कशासाठी ते मला ठाऊक होतं.

भात झाला. त्यांनी पातेल्याला दोन्हीकडून फडकं धरलं, पाय जवळ घेतला, टाच टेकली आणि उठायला गेल्या. अर्ध्यावर थांबल्या. पातेलं परत ठेवलं, पाय जरा वळवून घेतला, पुन्हा उठायला गेल्या. कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा त्यांनी पातेल्याला हात लावला नाही. माझ्याकडे बघून सरळ म्हणाल्या,

“बाई, टाच दुखतेय. उठवत नाही. हात द्या.”

दुखलं तर तिनं असं तोंड उघडून सांगावं, हात मागावा, म्हणून मी इस्पितळात जिवाचा आटापिटा केला होता. आता तिनं मागितला, आणि मला ते ऐकवेना. मी हात दिला, तिला उठवून भिंतीशी बसवलं, आणि भात मी उतरवला.